पहिल्या प्रतीचे पैसे कोण देतं?

(शिरवळ इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि आज बोलणार आहे पुस्तकांच्या किमतीवर. याला कारण एक विद्यार्थी. मागच्या वेळी इथे आलो होतो तेव्हा कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला. मी ज्या पुस्तकाचा उल्लेख केला होता ते त्याला हवं होतं. मी प्रकाशकाचं नाव सांगितलं, किंमत सांगितली. तो म्हणाला, "सर, पीडीएफ आहे का?" मी म्हटलं, ई-पुस्तक आहे, विकत मिळतं. त्यानं फोनवर लगेच किंमत काढली आणि वैतागून म्हणाला, "कागद नाही, छपाई नाही, टपाल नाही, तरी दीडशे रुपये? कशाचे?"

प्रश्न खोटा नव्हता. मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन विचार करत बसलो, जुने कागद काढले. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो.

त्या मुलाच्या प्रश्नात एक गृहीत आहे. पुस्तकाची किंमत म्हणजे मुख्यतः कागदाची किंमत, असं ते गृहीत. आमच्या विषयात घड्याचं उदाहरण फार वापरतात. माती हे घड्याचं उपादान कारण. नैयायिक त्याला समवायी कारण म्हणतील, पण तो वाद आज नको. कुंभार हे निमित्त कारण. आपण घड्याचे पैसे देतो ते मातीचे की कुंभाराचे? मातीचे म्हटलं, तर माती काढून घेतल्यावर घडा फुकट मिळायला हवा. ई-पुस्तकाबद्दल आपण नेमकं हेच म्हणतो आहोत.

आता थोडं मागे जाऊ. छापखान्याच्या आधी पोथ्या हातानं लिहिल्या जात. पोथीच्या शेवटी पुष्कळदा 'ग्रंथसंख्या' लिहिलेली असते. ग्रंथ म्हणजे बत्तीस अक्षरांचं एक माप. नकलकारानं किती ग्रंथ लिहिले त्यावर त्याची मजुरी ठरे. म्हणजे अक्षरांवर भाव होता. या व्यवस्थेची एक गंमत बघा. पहिल्या पोथीला जेवढे श्रम, तेवढेच शंभराव्या पोथीला. शंभर पोथ्या करायच्या तर शंभर वेळा बसून लिहायचं. नकल स्वस्त होण्याचा काही मार्गच नाही. म्हणून पोथी ही राजाच्या, मठाच्या किंवा सधन घराच्या आवाक्यातली गोष्ट राहिली.

छपाईनं हे गणित उलटं केलं, आणि त्याचा एक फार जुना मराठी दाखला आपल्याच मुलखातला आहे. मिरजेत १८०५ साली, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं भगवद्गीता छापली गेली. खिळे जुळवून नव्हे, तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापून निघालं. मिरजेच्या त्या कारागिराचं काम डोळ्यांसमोर आणा. सातशे श्लोक तांब्यात कोरायचे, तेही उलटे, म्हणजे छापल्यावर सुलटे दिसावेत. सगळा खर्च, सगळा वेळ, सगळा जीव त्या पत्र्यांत. एकदा पत्रे तयार झाले की पुढची प्रत म्हणजे शाई, कागद आणि दाब. पहिली प्रत अतिशय महाग, दुसरीपासून स्वस्ताई. मराठीत पुस्तकाच्या अर्थकारणाचं नवं पर्व इथे सुरू होतं असं मी मानतो. इतिहासकार माझ्याशी वाद घालतील, घालोत.

पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला शिवायला लोक तयार नव्हते, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली, असं सांगतात. लोकांनी नाकं मुरडली आणि वापरलंही, कारण हातानं लिहिलेल्या पंचांगापेक्षा ते सोयीचं होतं. सोवळं कुठे सुटतं आणि कुठे टिकतं याचा अभ्यास करणाऱ्यांनी किमतींचाही अभ्यास करावा.

पण पहिली प्रत महाग झाली की एक नवा प्रश्न उभा राहतो. तिचे पैसे आधी कोण घालणार? पुस्तक विकलं जाईल की नाही हे कळायच्या आत पत्रे कोरावे लागतात, खिळे जुळवावे लागतात, लेखकाला जगवावं लागतं. मिरजेत ते संस्थानिकानं घातले. संस्थानिक गेले, मग कोण?

याचं सर्वांत धाडसी उत्तर श्रीधर व्यंकटेश केतकरांनी दिलं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस. मराठीत ज्ञानकोश काढायचा ध्यास घेतला. सरकार परकं, संस्थानिकांवर भरवसा नाही. तेव्हा केतकरांनी काय केलं, तर नागपुरात चक्क मर्यादित कंपनी काढली, ज्ञानकोश मंडळ लिमिटेड. लोकांना भाग विकले, वर्गणीदार गोळा केले, गावोगाव माणसं पाठवली, स्वतः हिंडले. ज्यातलं एक अक्षर अजून लिहिलेलं नाही अशा पुस्तकाचे पैसे लोकांकडून आधी घ्यायचे. पुढे कचेरी पुण्याला आली. १९२० ते १९२७ या काळात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले. हे सगळं कसं केलं याचा वृत्तान्त त्यांनी स्वतः 'माझे बारा वर्षांचे काम' या नावानं लिहून ठेवला आहे. मिळाला तर जरूर वाचा. विद्वत्तेचं पुस्तक म्हणून नव्हे, धंद्याचं पुस्तक म्हणून वाचा. संपादक मंडळाचे पगार, कागद, छपाई, वर्गणीदारांची नाराजी या सगळ्याचा बोजा त्या एका माणसाच्या डोक्यावर होता. १९३७ साली केतकर गेले ते आर्थिक ओढगस्तीतच.

आज तो ज्ञानकोश संगणकावर कुणालाही फुकट वाचता येतो. मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं तो आणला, हे मोठंच काम झालं. पण त्या विद्यार्थ्याला मी हे दाखवलं तर तो म्हणेल, बघा, २३ खंड फुकट मिळतात! मी म्हणेन, फुकट नाहीत बाबा. त्यांचे पैसे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी देऊन ठेवले आहेत, आणि राहिलेले केतकरांनी आपल्या तब्येतीनं दिले.

दुसरं उदाहरण याहून जवळचं. इथून खंबाटकी घाट ओलांडून सुरूरला वळलं की वाई. तिथे मराठी विश्वकोशाची कचेरी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक, पहिला खंड १९७६ साली, एकूण खंड २०. इथे पहिल्या प्रतीचे पैसे महाराष्ट्र शासनानं, म्हणजे तुम्ही आम्ही कर भरून दिले. २०११ साली विश्वकोश इंटरनेटवर सर्वांना खुला झाला. ते योग्यच झालं, कारण एकदा पैसे देऊन झाल्यावर पुन्हा मागायचे कशाला? शासनानं पैसे घातले असतील तर अंकीय प्रत फुकटच असावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

मात्र शासन घातलेल्या पैशाची छापील पुस्तकं कशी हाताळतं, तेही बघा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे लेखन आणि भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनानं १९७९ पासून काढायला सुरुवात केली. किंमत मुद्दाम कमी ठेवली. लोक रांगा लावून घेत. आणि खंड सतत संपलेले. २०२१ साली या रखडलेल्या छपाईची मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. किंमत कमी, मागणी प्रचंड आणि पुस्तक जागेवर नाही. इंग्रजी खंडांच्या पीडीएफ मात्र सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या उतरवून घेता येतात. म्हणजे स्वस्त पुस्तक आणि उपलब्ध पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात नसलेल्या पुस्तकाची किंमत कमी असून काय उपयोग?

केतकरांचा मार्ग आणखी एकदा वापरला गेला, तो ग्रंथालीनं. १९७४-७५ च्या सुमारास ही वाचक चळवळ सुरू झाली. सभासदांनी आधी पैसे द्यायचे, त्यांना पुस्तक बाजारापेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळायचं. किंमत कमी कशी करता आली? कागद स्वस्त मिळाला म्हणून नाही. पुस्तक कोण घेणार हे आधीच ठाऊक होतं म्हणून. धोका कमी झाला की किंमत कमी होते. आणि या व्यवस्थेतून काय आलं बघा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये, लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये. माने आपल्या साताऱ्याचे, फलटणकडचे. अशी पुस्तकं कोण घेईल, हा प्रश्न तेव्हाच्या प्रकाशकाला पडलाच असता. आधीच पैसे दिलेल्या वाचकानं तो प्रश्न सोडवला.

आता आजच्या हिशोबाकडे येऊ. फळ्यावर लिहितो. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, पण मराठी प्रकाशनाशी संबंध असलेल्यांना ते ओळखीचे वाटतील.

समजा दोनशे पानांचं पुस्तक, ५०० प्रती, छापील किंमत ३०० रुपये. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून ४०,००० रुपये. ही पहिली प्रत. ती ५०० मध्ये वाटली तर प्रत्येकी ८०. कागद, छपाई, बांधणी प्रत्येकी ६५. वितरक आणि विक्रेता मिळून ४० टक्के, म्हणजे १२०. लेखकाचं मानधन १० टक्के, ३०. बेरीज करा. २९५. प्रकाशकाला उरले पाच रुपये, तेही पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या तर. दुसऱ्या बाजूनं मोजलं तर सुरुवातीला ७२,५०० घालायचे आणि विकलेल्या प्रतीमागे १५० परत यायचे. मुद्दल सुटायला ४८४ प्रती जायला हव्यात. सोळा प्रतींवर नफा!

आता यातून कागद काढा. ३०० मधले ६५ गेले, म्हणजे पाचवा हिस्सा. उरले २३५. त्या मुलाला वाटत होतं की कागद काढला की पन्नास रुपये उरायला हवेत.

बरं, ते ई-पुस्तक शंभरला ठेवलं असं धरू. पाच टक्के कर वगळला तर हाती पंच्याण्णव. ॲमेझॉनच्या स्वप्रकाशन सेवेत ३५ टक्के किंवा ७० टक्के असे दोन पर्याय असतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही, अशी अट आहे. ती मान्य केली तर साडेसहासष्ट रुपये मिळतात, नाही तर सव्वातेहतीस. पहिल्या प्रतीचे ४०,००० नुसत्या ई-पुस्तकातून काढायचे तर सहाशे प्रती विकाव्या लागतील, किंवा बाराशे. लेखकाला अजून एक रुपया दिलेला नाही. मराठी ई-पुस्तकाच्या सहाशे प्रती म्हणजे काय, हे जाणकारांना सांगायला नको.

तरीही मराठी ई-पुस्तकं पन्नास-शंभरला दिसतात. ती तशी दिसतात कारण पहिल्या प्रतीचे पैसे छापील आवृत्तीनं भरलेले असतात. छापील पुस्तकानं घर बांधलं, ई-पुस्तक त्यात बिनभाड्यानं राहतं. प्रकाशक घाबरतो ते यामुळेच. नवा वाचक ई-पुस्तकाकडे आला तर साडेसहासष्ट रुपये निव्वळ मिळकत. पण छापील घेणारा वाचक तिकडे वळला तर दीडशेच्या जागी साडेसहासष्ट, आणि घर बांधणारं कुणी उरत नाही. ई-पुस्तकाची किंमत छापील किमतीच्या जवळ ठेवण्याचं कारण हावरटपणा असेलही काही ठिकाणी. पण बहुतेक ठिकाणी ही भीती आहे.

मग पन्नास-शंभर हाच न्याय्य भाव अशी आपली समजूत कशी झाली? ती पुस्तकाच्या खर्चावरून झालेली नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत किंडल आलं, आणि ॲमेझॉननं गाजणारी नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला लावली. प्रकाशकाला द्यायची रक्कम पुष्कळदा त्याहून जास्त असे. यंत्र खपावं म्हणून पुस्तक तोट्यात विकलं. २०१० मध्ये प्रकाशकांनी ॲपलच्या मदतीनं किंमत ठरवण्याचा हक्क परत घेतला, तर सरकारनं संगनमताचा खटला भरला आणि २०१३ मध्ये निकाल ॲपलविरुद्ध गेला. तोवर वाचकाच्या मनात आकडा रुजला होता. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी आली तेव्हा तो आकडा रुपयांत बसवून आपल्याकडेही आला.

कराचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणी बोलत नाही. जीएसटी आला तेव्हा छापील पुस्तकावर शून्य आणि ई-पुस्तकावर १८ टक्के. २७ जुलै २०१८ पासून ई-पुस्तकावर ५ टक्के झाला, पण कोणत्या? ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच. जे पुस्तक छापलंच गेलं नाही, थेट फोनवरच जन्मलं, ते १८ टक्क्यांतच राहिलं. कुणाला परवडत नाही छापायला? खेड्यातल्या पहिलटकर लेखकाला. ज्याच्याकडे छापायला पैसे आहेत त्याला सवलत, ज्याच्याकडे नाहीत त्याच्यावर जास्त कर. कायद्याच्या लेखी ई-पुस्तक हे स्वतंत्र पुस्तक नाहीच, ते छापील पुस्तकाची सावली आहे. ज्याला शरीर नाही त्याची सावलीही धरायची नाही, असा हा न्याय.

आता दुसरी बाजू, म्हणजे त्या विद्यार्थ्याची बाजू. कारण इथवर मी प्रकाशकाचा वकील झालो आहे, आणि तसं मला व्हायचं नाही.

छापील पुस्तकाचे तीनशे रुपये देता तेव्हा तुम्ही काय घेता? वाचनाचा आनंद, हो. पण पुस्तक मित्राला देण्याचा हक्क, वाचनालयाला भेट देण्याचा हक्क, अप्पा बळवंत चौकात नेऊन निम्म्या भावात विकण्याचा हक्क, नातवासाठी ठेवून जाण्याचा हक्क. ई-पुस्तकात यातलं काय मिळतं? वाचायची परवानगी. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉननं लोकांनी विकत घेतलेली ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली. ज्यानं ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते म्हणे. पैसे परत दिले, पण दुकानदार रात्री घरात शिरून कपाटातलं पुस्तक काढून नेतो आणि उशाशी पैसे ठेवतो, हे कुणी खपवून घेईल का? तेव्हा ई-पुस्तक स्वस्त असायला हवं, हे त्या मुलाचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त कारण चुकलं. कागद नाही म्हणून नव्हे, मालकी नाही म्हणून.

आणि वाचनालयं. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेली अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. मराठी पुस्तकाच्या पहिल्या प्रतीचा मोठा भार त्यांनी उचलला आहे. गावातलं वाचनालय एक प्रत घेतं, पन्नास जण वाचतात. पन्नासांना प्रत्येकी सहा रुपये पडले. पण तेच वाचनालय किंडलवरचं पुस्तक घेऊन सभासदाला घरी देऊ शकत नाही, कारण ती परवानगी एका माणसाच्या नावावर असते. अमेरिकेत ग्रंथालयांना ई-पुस्तकं मिळतात, पण तिथेही २०११ मध्ये हार्परकॉलिन्सनं नियम केला की एक ई-पुस्तक २६ वेळा दिलं की संपलं, पुन्हा विकत घ्या. न झिजणारी वस्तू मुद्दाम झिजवायची! हसू नका, त्यामागे हिशोब आहे. पण आपल्याकडे तेवढंही नाही. ज्याला दीडशे परवडत नाहीत त्या मुलाला छापील पुस्तकासाठी वाचनालय आहे, ई-पुस्तकासाठी चोरटी पीडीएफ आहे. मधला दरवाजाच कुणी बांधला नाही.

पीडीएफचं बोललोच आहे तर कबुली देतो. टाळेबंदीत माझ्याकडे एका समव्यावसायिकाच्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. मी ती चार जणांना पुढे पाठवली. चांगलं पुस्तक आहे, लोकांनी वाचावं, एवढंच मनात. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. तक्रार नव्हती. म्हणाले, दुसरी आवृत्ती काढायला प्रकाशक तयार नाही, म्हणतो सगळ्यांकडे आहेच. मला काय बोलावं सुचेना. आणि माझ्याच पहिल्या पुस्तकाची गोष्ट याच्या उलट. हजार प्रती छापल्या होत्या. काही वर्षांनी प्रकाशकाचं पत्र आलं की उरलेल्या प्रती रद्दीत काढतो आहोत, हव्या असतील तर न्या. मी रिक्षानं दोन गठ्ठे आणले. एका पुस्तकाचा घात कागदानं केला, दुसऱ्याचा कागद नसण्यानं.

माझं त्याच पुस्तकाचं ई-पुस्तक आता निघतं आहे. किंमत किती ठेवू, असं विचारलं, तेव्हा मी साठ रुपये सांगितली. त्याची पहिली प्रत केव्हाच फिटली, काही वाचकांनी आणि काही रद्दीवाल्यानं फेडली, तेव्हा जास्त मागण्याचं कारण नाही. पण पुढच्या वर्षी जे नवं येईल त्याचं ई-पुस्तक मी दीडशेच्या खाली ठेवू देणार नाही. आणि प्रकाशकाला एक अट घातली आहे. कुठल्याही मान्यताप्राप्त ग्रंथालयाला एका छापील प्रतीच्या किमतीत ती फाइल द्यायची, एका वेळी एका सभासदानं वाचायची, संख्येची मर्यादा नाही. ते कसं जमवायचं हे त्यांना अजून कळलेलं नाही, मलाही नाही. कुणीतरी तरुण मुलगा जमवेल.

तो विद्यार्थी आज आला आहे का? मागे बसला आहे वाटतं. ये पुढे, तुझ्यासाठी रद्दीतून वाचवलेली एक छापील प्रत आणली आहे. वाचून झाली की इथल्या वाचनालयात दे.

प्रश्न असतील तर विचारा.